बसऱ्याहून आलेली नक्कल

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की 'मी फार फार जुनी आहे' इथूनच सुरुवात करतात. मला ती सोय नाही. मी मातीची एक पाटी आहे, तळहातावर मावेल एवढी. माझ्यावर बारीक खिळे आडवेतिडवे टोचून काढावीत तशी अक्षरं आहेत. ती अक्षरं जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची, पण मी स्वतः मात्र १९७३ सालची. थोडक्यात, मी नक्कल आहे. हे मी मान खाली घालून सांगत नाही, चांगली ताठ मानेनं सांगते. का, ते तुम्हाला पुढे कळेलच.

माझा जन्म इराक देशात, बसऱ्याच्या बाजारातल्या एका अरुंद गल्लीत झाला. माझा कारागीर म्हातारा होता आणि भलता चिडका होता. त्याच्याकडे एका खऱ्या पाटीवरून घेतलेला साचा होता. त्यात तो ओली माती दाबून भरायचा, हलकेच बाहेर काढायचा, आणि मग सुईच्या टोकानं एकेक खूण साफ करत बसायचा. एखादी खूण जरा जरी फसली तरी आख्खी पाटी मोडून पुन्हा मातीत टाकायचा. गंमत अशी, की त्याला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. तरी किंवा कदाचित म्हणूनच, स्वतःच्या मनचं त्यानं त्यात काहीही घातलं नाही. जे साच्यात होतं ते आणि तेवढंच माझ्या अंगावर आलं. मग त्यानं मला भट्टीत खरपूस भाजलं आणि दुकानाच्या फळीवर मांडलं.

तिथून मला उचललं वसईजवळच्या होळी गावच्या फ्रेडरिकनं. तो बसऱ्याला बंदरावर फिटर होता. सुट्टीवर घरी निघताना त्यानं टेपरेकॉर्डर घेतला, नायलॉनच्या साड्या घेतल्या, खजुराचं मोठं पुडकं घेतलं. त्याच्या बायकोनं, फ्लॉसीनं, पत्रातून एक खास मागणी केली होती : बायबलातल्या बाबेलची, म्हणजे तिकडच्या जुन्या बाबिलोनची, काहीतरी आठवण आण. तिच्या मनात बहुधा एखादा क्रूस किंवा जपमाळ असावी. फ्रेडरिकनं आणलं मला.

"बाबेलची आठवण म्हणून ढेकूळ आणलंस?" फ्लॉसी म्हणाली. सगळी आळी टेपरेकॉर्डर बघायला जमली होती, त्या सगळ्यांदेखत म्हणाली.

टेपरेकॉर्डरला कपाटात जागा मिळाली, त्याच्यावर विणलेला रुमाल आला. मला मिळाली लोणच्याची बरणी. बरणीच्या तोंडावर फडकं आणि फडक्यावर मी. वर्षभर मी तिथे बसून व्हिनेगरचा वास घेत होते. ज्या अक्षरांनी राजांचे हुकूम आणि देवळांचे हिशेब सांभाळले, ती अक्षरं अंगावर घेऊन मी आंब्याच्या फोडी दाबत होते. मनाला लागायचं, खोटं कशाला बोलू?

माझी सुटका केली फ्लॉसीच्या भावानं. त्याचं नाव रॉबर्ट. तो शाळेत इतिहास शिकवायचा, म्हणून सगळे त्याला रॉबर्ट सर म्हणत. पण त्याची खरी ओळख गावात वेगळी होती. तो पाद्री व्हायला सेमिनरीत गेला होता आणि तीन वर्षांनी परत आला होता. आमच्याकडे मुलगा सेमिनरीत जातो तेव्हा सगळं गाव वाजतगाजत निरोप देतं. तो दीक्षा न घेता परत आला तर तोंडावर कोणी काही विचारत नाही, आणि पाठीमागे विचारायचं कोणी थांबवत नाही. सेमिनरीतून त्यानं एकच गोष्ट बरोबर आणली होती, हिब्रू भाषा. होळीच्या विड्याच्या पानवेलींना पाणी घालताना हिब्रूचा काय उपयोग? त्याचा बाप तर उघडच म्हणायचा, की पोरानं तीन वर्षांत लॅटिन तरी नीट शिकायचं, निदान चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला कामी आलं असतं.

एका रविवारी तो बहिणीकडे जेवायला आला आणि ताटावर बसल्या बसल्या त्याची नजर माझ्यावर गेली.

"फ्लॉसी, लोणच्यावर काय ठेवलंयस हे?"

"तुझ्या मेव्हण्याची अक्कल," फ्लॉसी म्हणाली.

त्यानं जेवण तसंच ठेवलं, हात धुतला आणि मला उन्हात नेऊन उलटसुलट केलं. मित्रांनो, भट्टीतून निघाल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे वाचण्यासाठी बघत होतं. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण बघायची ती रीतच वेगळी होती. त्या दिवशी मी त्याच्या पिशवीतून त्याच्या घरी गेले, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गात.

वर्गात त्यानं मला टेबलावर ठेवलं आणि गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्या गोष्टी मी पुढे शंभरदा ऐकल्या असतील, पण ऐकताना दरवेळी माझा ऊर भरून यायचा. कारण त्या सगळ्या माझ्या जातीच्या, म्हणजे नकलांच्या गोष्टी होत्या.

रॉबर्ट सर सांगायचे, "नीबूर नावाचा एक माणूस होता. डेन्मार्कच्या राजानं पूर्वेकडे विद्वानांची एक तुकडी पाठवली, त्यातला हा. बरोबरचे सगळे वाटेत एकेक करून वारले. हा एकटा उरला. आपल्या मुंबईत येऊन राहिला, तब्येत सावरली, आणि इराणमार्गे परत निघाला. तिथे पडक्या राजवाड्यांच्या भिंतींवर हे असले खिळे कोरलेले होते. याला त्यातलं काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. तरी रणरणत्या उन्हात उभा राहून त्यानं सगळं जसंच्या तसं कागदावर उतरवलं. डोळे जायची पाळी आली, पण एक खूण आपल्या मनची घातली नाही."

मग ते जर्मनीतल्या ग्रोटेफेंडची गोष्ट सांगायचे. हा तर त्यांच्यासारखाच शाळामास्तर. पैजेवर त्यानं हे काम अंगावर घेतलं आणि नीबूरच्या नकला पुढ्यात ठेवून त्यातली राजांची नावं ओळखून काढली. तो राजवाडा त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. मग यायचा रॉलिन्सन. मुंबईच्या फौजेत दाखल झालेला हा तरुण साहेब पुढे इराणात गेला आणि उभ्या कड्यावर शिडी लावून तिथला लेख उतरवत राहिला. जिथे त्याचा हात पोचेना तिथे एक कुर्दी मुलगा कपारीला बोटं रोवून चढला आणि ओल्या कागदाचा लगदा दगडावर थापून अक्षरांचे ठसे घेऊन आला. आणि शेवटी यायचे हिंक्स. आयर्लंडमधल्या एका खेड्यात ते पाद्री होते. तिथल्या चर्चच्या घरात बसूनच त्यांनी ओळखलं, की यातली एकेक खूण म्हणजे एकेक अख्खा उच्चार आहे, आणि बाबिलोनच्या लोकांची अक्कादी नावाची भाषा हिब्रूची आणि अरबीची बहीण लागते.

खेड्यातल्या पाद्र्याचं नाव घेताना रॉबर्ट सरांचा आवाज जरा बदलायचा. मला तो कळायचा. मुलांना नाही कळायचा.

जवळजवळ अठराशे वर्षं ही लिपी मुकी होती. तिला तोंड फुटलं ते कुणी खरी पाटी हातात धरली म्हणून नव्हे. कोणीतरी डोळे फोडून, हातपाय मोडायची तयारी ठेवून नकला केल्या, आणि इतरांनी त्या नकलांवर विश्वास टाकला, म्हणून. मला नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

त्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. शकू तिचं नाव. खाडीकाठी भातशेती करणाऱ्या हरेश्वरची ती मुलगी. बाकीची मुलं मला हात लावून, नखानं टोकरून, कंटाळून गेली. शकूनं वही काढली आणि माझ्या पहिल्या ओळीची नक्कल केली. सरांनी ती पाहिली.

"ही रेघ इथे अर्धवट का सोडलीस?"

"पाटीवर अर्धवटच आहे, सर."

सरांनी मला भिंगाखाली धरलं. रेघ अर्धवटच होती. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर दोघांची शिकवणी सुरू झाली. सर मुंबईच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणायचे, त्यातल्या खुणांचे तक्ते हातानं उतरवायचे, आणि दोघं माझ्यावर डोकं घालून बसायचे. शकू शाळेतून कॉलेजात गेली तरी तिचं येणं सुटलं नाही. कधी महिनाभर एक शब्द हाती लागायचा नाही. कधी एका संध्याकाळी दोन लागायचे.

एकदा फ्रेडरिक सुट्टीवर आलेला असताना सर आणि शकू त्याच्या ओटीवर बसली होती. सर म्हणाले, "या भाषेत घराला बीतु म्हणतात. हिब्रूत बायित."

फ्रेडरिक खजूर चघळत होता, तो थांबला. "बसऱ्याचे अरब पण घराला बैतच म्हणतात! आमचा मुकादम रोज संध्याकाळी म्हणायचा, चला आता बैतला."

शकू टाळ्या वाजवत उठली. चार हजार वर्षांपूर्वीचं ते घर एका फिटरच्या तोंडून होळीच्या ओटीवर आलं होतं. त्या दिवशी फ्लॉसीसुद्धा माझ्याकडे जरा आदरानं बघू लागली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, मी तिला घासायच्या काथ्यानं घासली नाही."

असं करत करत माझ्यावर काय लिहिलंय ते उलगडत गेलं. माझ्यावर ना राजा होता, ना लढाई. माझ्यावर एक करार होता. एका मालकानं आपली जमीन बाग लावण्यासाठी माळ्याला दिली होती, त्याचा करार. रॉबर्ट सरांना कोण आनंद झाला! त्यांच्या बापजाद्यांचा धंदाच वाडीचा, म्हणजे बागायतीचा. होळीच्या पानवेली म्हणजे त्यांच्या घराची शान होती.

पण तिथेच घोडं अडलं. करारात होतं, की माळ्यानं चार वर्षं बाग वाढवावी आणि पाचव्या वर्षी दोघांनी उत्पन्न वाटून घ्यावं.

"चार वर्षं?" सर हसले. "कुठला माळी चार वर्षं उपाशी राहील? पानवेल लावली की चौथ्या-पाचव्या महिन्यात पानं खुडायला येतात. इथे महिने पाहिजे. ही नक्कल करणारा चुकलाय."

मित्रांनो, मी भट्टीतसुद्धा तापले नव्हते इतकी त्या वाक्यानं तापले. माझा चिडका म्हातारा आणि चुकला? एका खुणेपायी आख्खी पाटी मोडणारा? पण मला तोंड कुठलं? शकू काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात सरांनी पान उलटलं. तिनं वही मिटली. सरांचं वाक्य ती सहसा तोडत नसे.

हे झालं १९८१ च्या एप्रिलमध्ये. शकूची बी.ए.ची परीक्षा संपली होती. तिला पुण्याला जाऊन जुन्या लिप्या आणि जुन्या वस्तू यांचा पुढचा अभ्यास करायचा होता. घरात विरारच्या एका स्थळाची बोलणी चालू होती. रॉबर्ट सर तिची रदबदली करायला हरेश्वरच्या घरी गेले आणि बरोबर पुरावा म्हणून मला घेऊन गेले.

हरेश्वर अंगणात जाळं सांधत बसला होता. सहसा कमी बोलणारा आणि सगळं ऐकून घेणारा माणूस. त्यानं मला हातात घेऊन वजन केलं आणि परत दिलं.

"मास्तर, माझी पोरगी हुशार हाय, ते मला म्हाईत हाय. पन ही वीट तुमी खरंच वाचता का वाचल्यासारखं करता, ते मला कसं कळनार? तुमी म्हनता ती वाचते, ती म्हनते तुमी वाचता."

सरांनी मग त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट काढली. सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये लोकांना हीच शंका आली होती. तेव्हा चार विद्वानांना एकच नवा सापडलेला लेख दिला. त्यांत ते रॉलिन्सन होते, हिंक्स होते. एकमेकांना न विचारता प्रत्येकानं भाषांतर केलं आणि पाकीट बंद करून दिलं. पंचांनी पाकिटं उघडली तर चौघांचं बहुतेक सगळं जुळलं! त्या दिवसापासून जगानं मान्य केलं, की ही लिपी वाचता येते.

हरेश्वरनं जाळ्याची गाठ मारली. "मंग तुमी दोघंबी तसंच करा. तुमी एका खोलीत, शकू दुसऱ्या खोलीत. जुळलं तर ती पुन्याला जाईल. नाय जुळलं तर विरारच्या मंडळींना मी होकार देईन. कबूल?"

सर आपल्याच गोष्टीत सापडले. शकू आतल्या दारात उभी होती. तिनंच उत्तर दिलं, "कबूल, बाबा."

मे महिन्यातला रविवार ठरला. मिस्सा आटोपल्यावर शाळेच्या व्हरांड्यात ही गर्दी जमली. होळीचे वाडीवाले आले, खाडीकाठची मंडळी आली. पंच म्हणून बॅप्टिस्टबाबांना बसवलं. सगळं आयुष्य पानवेलीत घालवलेला हा म्हातारा दोन्हीकडच्या लोकांच्या भांडणांत मधे पडायचा आणि दोन्हीकडचे त्याचं ऐकायचे. खोल्या दोन, पण मी एकच. म्हणून आधी मी सरांच्या खोलीत गेले आणि मग शकूच्या. दोघांना कागद तेवढा दिला, खुणांचे तक्तेसुद्धा काढून घेतले. तेव्हा दोन्ही खोल्यांत काय झालं ते फक्त मला ठाऊक आहे.

सरांनी झरझर लिहिलं. त्या दोन जागी आल्यावर त्यांनी माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. 'चार महिने' लिहिलं, 'पाचव्या महिन्यात' लिहिलं आणि सही केली.

शकूची गोष्ट निराळी. ती त्या जागेपर्यंत भराभर आली आणि थांबली. सर काय लिहिणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तिला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. 'महिने' असा एवढासा शब्द लिहिला की झालं, पुणं तिच्या पदरात पडणार होतं. तिनं मला उचललं, खिडकीपाशी नेलं, उजेड आडवा पडेल असं धरलं. ती एक खूण बघायची, मग दुसरी बघायची, मग कागदाकडे बघायची. मी मनातल्या मनात नुसती ओरडत होते, पण काय ओरडत होते ते आज मला सांगता येणार नाही. तिनं खरं लिहावं असंही मला वाटत होतं आणि तिनं पुण्याला जावं असंही.

शेवटी तिनं डोळे पुसले आणि लिहिलं.

बॅप्टिस्टबाबांनी चष्मा लावून आधी सरांचं पाकीट फोडलं. "मालकानं जमीन माळ्याला बाग लावायला दिली. माळ्यानं ती लावावी. चार महिने त्यानं बाग वाढवावी. पाचव्या महिन्यात मालकानं आणि माळ्यानं उत्पन्न सारखं वाटून घ्यावं. मालकानं आपला वाटा आधी निवडावा."

वाडीवाल्यांत एकच खसखस पिकली. "बरोबर! पानवेलच ती!" "बघा, तेव्हापण मालकच आधी निवडायचा!" रॉबर्टचा बाप तर असा बसला, जणू तो करार त्यानंच केला होता.

मग शकूचं पाकीट फुटलं. पहिलं वाक्य जुळलं. दुसरं जुळलं. लोक माना डोलावू लागले. "चार वर्षं त्यानं बाग वाढवावी," बॅप्टिस्टबाबा वाचते झाले आणि थबकले. "पाचव्या वर्षी..."

कोणीतरी मोठ्यानं हसलं. "चार वर्षं? तोवर माळी वारला असेल!" मग सगळेच हसले. बॅप्टिस्टबाबांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि मान हलवली. हरेश्वर उठला, टोपी डोक्यावर ठेवली.

"चल शकू," तो म्हणाला.

शकू उठली नाही. जन्मात पहिल्यांदा ती चारचौघांत बोलली. "बाबा, एक मिनिट. मला ती पाटी द्या." तिनं मला घेतलं आणि बॅप्टिस्टबाबांच्या नाकासमोर धरलं. "बॅप्टिस्टबाबा, तुम्हाला ही लिपी वाचता येत नाही, पण दिसते ना? ही खूण बघा. आता खालच्या ओळीतली ही बघा. दोन्ही सारख्या आहेत का?"

म्हाताऱ्यानं मला डोळ्यांशी नेलं. "हाय की. अगदी सारख्या."

शकूनं व्हरांड्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर दोन खुणा काढल्या. "ही वर्षाची. ही महिन्याची. आता सांगा, पाटीवर कुठली आहे?"

"ही. वर्षाची."

"मग कारागीर चुकला असेल," मागून कोणी म्हणालं.

"एकदा चुकला असता," शकू म्हणाली. "दोन्ही ठिकाणी सारखाच कसा चुकेल? त्यानं समोर दिसलं ते केलंय. मी पण समोर दिसलं तेच लिहिलंय."

मित्रांनो, माझ्या म्हाताऱ्याची बाजू घेणारं कोणी या जगात असेल असं मला वाटलं नव्हतं. वसईच्या खाडीकाठची एक मुलगी आपलं सगळं पणाला लावून त्याच्यासाठी भांडत होती!

सगळे रॉबर्ट सरांकडे बघू लागले. त्यांना गप्प बसता आलं असतं. 'मुलगी अजून शिकतेय' एवढं म्हटलं असतं तरी गावात त्यांची मान ताठ राहिली असती, आणि ती मान ताठ व्हावी म्हणून त्यांनी सहा वर्षं घालवली होती. ते उठून फळ्यापाशी गेले. शकूनं काढलेल्या वर्षाच्या खुणेवर त्यांनी बोट ठेवलं.

"तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मला तिथे वर्षच दिसलं होतं. पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण मी आमच्या वाडीत वाढलो. बाग म्हटलं की मला पानवेलच दिसते. पाटीवरचं सोडून मी माझ्या घरचं लिहिलं. चूक माझी."

फ्रेडरिक कपाळावर हात मारून उभा राहिला. "अरे रॉबर्ट, बसऱ्याला पानवेल कुठली? तिथे बाग म्हणजे खजूर! खजुरीचं रोप लावलं की चार-पाच वर्षं फळ धरत नाही. माझ्या घरचा पुडाभर खजूर खाल्लास आणि झाड आठवलं नाही तुला?"

आता हसण्याची पाळी खाडीकाठच्या लोकांची होती. वाडीवालेही हसले, आणि सरही हसले. हरेश्वर मात्र हसला नाही. तो मुलीसमोर येऊन उभा राहिला.

"तुला म्हाईत होतं, मास्तर महिना लिवनार ते?"

"हो."

"आनि तू तेच लिवलं असतंस तर जुळलं असतं. मी तुला पुन्याला धाडली असती."

"हो, बाबा."

"मंग?"

"तिथे वर्ष आहे," शकू म्हणाली.

हरेश्वरनं टोपी काढून हातात घेतली. बॅप्टिस्टबाबांकडे वळून तो म्हणाला, "पंच, दोघांचं जुळलं असतं तर घरी जाऊन मी म्हटलं असतं, पोरीनं पाठ केलं. आता माझी खात्री पटली. हिला वाचता येतं." मग सरांकडे वळला. "मास्तर, पुन्याला कधी जायाचं, ते तुमीच सांगा. विरारला काय सांगायचं ते मी बघतो."

जूनमध्ये शकू पुण्याला गेली. निघताना एसटी स्टँडवर ती सरांच्या पायांना हात लावायला गेली तेव्हा सरांनी तिला वाकूच दिलं नाही. त्यानंतर गावात कोणीही रॉबर्ट सरांना सेमिनरीतून परत आलेला म्हटल्याचं मी ऐकलं नाही. लोक म्हणायचे, चारचौघांत आपली चूक कबूल केलेला मास्तर तो. शकूनं पुण्यात पहिल्यांदा खऱ्या पाट्यांचे फोटो पाहिले, पुढे स्वतः शिकवायला लागली. तिचं नाव एका पुस्तकात छापून आलं तेव्हा हरेश्वरनं ते पुस्तक अख्ख्या खाडीकाठाला दाखवलं, आणि दाखवताना प्रत्येकाला सांगायचा, "वाचता येत नाय मला, पन नाव माझ्या पोरीचं हाय."

आणि मी? मी शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. कौतुक झालं तेव्हा भरपूर झालं. आता महिनोन्महिने काचेवर धूळ बसलेली असते. शेजारी फुटलेला पृथ्वीचा गोल आहे आणि एका विंचवाची बाटली आहे. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. लोणच्याच्या बरणीपेक्षा हे बरंच म्हणायचं. पण १९८६ साली शाळेच्या प्रदर्शनात मात्र माझ्या जिवावर बेतलं होतं. एका उत्साही गृहस्थांनी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश आणला. माझ्या खुणा लांबून दिसत नाहीत, म्हणून त्या रंगवाव्यात आणि जिथे पुसट आहेत तिथे अंदाजानं नीट कराव्यात, असा त्यांचा बेत होता. हेतू चांगलाच होता. ब्रश बुडवलासुद्धा होता. तेवढ्यात रॉबर्ट सर आले आणि त्यांनी त्यांचा हात असा धरला, की डबा खाली सांडला.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील, चर्चमध्ये जुने दगड असतील, शेताच्या बांधावर कोणी कोरलेली एखादी शिळा पडलेली असेल. ती तुम्हाला वाचता येत नसेल तर नसू दे. ज्यांना येत नव्हतं अशांनीच तर आम्हाला इथवर आणलं. आमच्यावरची धूळ हलक्या हातानं पुसा, आम्हाला उन्हापावसातून आत घ्या, जमलं तर दिसतं तसं कागदावर उतरवा. फक्त आम्हाला सुधारू नका.